ट्रेलर खरंच जोडला गेलाय, हे तुम्ही कशावरून ठरवता?

यार्डकर

नमस्कार मंडळी,

नव्या ड्रायव्हरांना सेमी-ट्रेलर जोडायला-सोडायला शिकवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. एका मुद्द्यावरून जुन्या लोकांशी माझा रोज वाद होतो, म्हणून इथे धागा काढतोय.

घोडा, म्हणजे पुढची इंजिन-केबिनवाली गाडी, मागे घेतला, फिफ्थ व्हील ट्रेलरखाली गेलं, 'खट्' असा आवाज आला. मग खालच्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढून बघितलं. ट्रेलर आपल्या ब्रेकवर ठाम उभा, गाडी जागची हलली नाही. जुने म्हणतात, झालं, पिन लॉक झाली, चला. माझं म्हणणं असं की ओढून बघणं हा अर्धाच पुरावा. खाली उतरून, वाकून, जबडा किंगपिनभोवती मिटलाय का हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाता कामा नये. त्यावर मला ऐकवतात, "चिखलात कोण वाकतंय? आमचं आयुष्य गेलं ओढून बघण्यात."

तुम्ही काय करता? सोडताना क्रम कसा पाळता तेही लिहा. ट्रेलर चालवणारे, दुरुस्त करणारे, माल भरणारे, सगळ्यांचं स्वागत.

सुकाणू

ओढून बघायचं, तेही दोनदा. पहिल्यांदा पिन नुसती अडकलेली असली तर दुसऱ्या हिसक्याला सुटते. मला यापलीकडे कधी गरज पडली नाही. डोळ्यांनी बघायला हरकत नाही, पण ओढण्याइतका भरवसा दुसऱ्या कशाचा नाही.

अठराचाकी

सुकाणू, इथे मी यार्डकरांच्या बाजूने. ओढून बघण्यात पास झालेली आणि तरीही न जोडलेली गाडी असू शकते. कशी ते सांगतो.

ट्रेलर पायांवर गरजेपेक्षा उंच उभा आहे असं समजा. घोडा मागे घेतला की किंगपिन फिफ्थ व्हीलच्या खाचेत शिरायच्या ऐवजी प्लेटच्या वरून सरकत जाते आणि पलीकडे, म्हणजे केबिनच्या बाजूला, उतरते. आता पुढे ओढा. प्लेटची पुढची कड पिनला मागून ढकलते. ट्रेलर ब्रेकवर आहे, त्यामुळे गाडी हलत नाही. तुम्हाला वाटतं, पक्कं जोडलं. खरं तर जबडा मोकळाच आहे आणि पिन बाहेर उभी आहे. रस्त्यावर पहिला जोराचा ब्रेक मारला की ट्रेलरला मागे धरून ठेवणारं काहीच नाही, तो थेट केबिनकडे येतो.

दुसरा प्रकार म्हणजे पिन खाचेत गेली, पण जबडा पुरता मिटला नाही. वर भरलेल्या ट्रेलरचं वजन असतं, त्या घर्षणावरच हलकी ओढ निभावून जाते. वळणावर किंवा खड्ड्यात वजन हललं की सुटली.

म्हणून ओढायचं, आणि मग बघायचंही.

तिरकस

दोनदा ओढणाऱ्यांनी एकदाच ओढावं आणि उरलेल्या एका वेळात खाली वाकावं. हिशेब सारखाच बसतो.

मधुरा_के

मी ट्रक चालवत नाही, पण धागा वाचायला मजा येतेय. किंगपिन, जबडा, फिफ्थ व्हील, हे नक्की कुठे असतं कोणी सोप्या शब्दांत सांगेल का?

जुनं_खोड

सांगतो ताई. ट्रेलरला पुढे चाकं नसतात. त्याचं पुढचं टोक घोड्याच्या पाठीवर टेकतं. घोड्याच्या पाठीवर एक जाड लोखंडी चकती असते, मागच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेली, ते फिफ्थ व्हील. ट्रेलरच्या पोटाखाली पुढच्या भागात एक सपाट पत्रा असतो आणि त्यातून एक जाडजूड खुंटी खाली लोंबते, ती किंगपिन. ती बहुतेक गाड्यांना ५० मिलिमीटरची, फार अवजड मालाच्या ट्रेलरला ९० ची. खुंटीला मधे मान असते. घोडा मागे आला की खुंटी खाचेतून आत सरकते आणि फिफ्थ व्हीलमधला जबडा त्या मानेभोवती मिटतो. सगळा ट्रेलर त्या एका मानेवर ओढला जातो. बाजूला एक लांब दांडा असतो, तो ओढला की जबडा उघडतो.

ट्रेलर एकटा उभा असतो तेव्हा पुढून दोन पायांवर, ते हँडल फिरवून खाली-वर करायचे. बास, एवढं कळलं की धाग्यातली सगळी भांडणं कळतील.

मधुरा_के

वा! धन्यवाद काका. आता भांडा.

हवा_कमी

मूळ प्रश्न लॉकचा आहे हे मान्य, पण जोडताना माणसं मरतात ती बहुतेक वेळा लॉकमुळे नाही, हवेच्या पाइपामुळे. यावर कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रेलरकडे दोन हवेचे पाइप जातात. लाल पाइप टाकीत हवा भरतो, दुसरा पायाने ब्रेक दाबल्याचा निरोप नेतो. लाल पाइप काढला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. त्यामुळे कित्येक जण ट्रेलर सोडताना त्याचा पार्किंग ब्रेक लावतच नाहीत, नुसता लाल पाइप काढून निघून जातात. ट्रेलर उभा राहतो, दिसायला सगळं ठीक.

आता दुसरा ड्रायव्हर येतो, घोडा खाली घालतो, लॉक बसतं. हा घाईत, इंजिन चालू, हँडब्रेक न लावता खाली उतरतो. ट्रेलर ब्रेकवर आहे, त्यामुळे गाडी हलत नाही, म्हणून हँडब्रेक राहिलाय हे त्याला कळतही नाही. केबिन आणि ट्रेलरच्या मधल्या फळीवर चढून लाल पाइप जोडतो. त्याच क्षणी ट्रेलरचे ब्रेक सुटतात. जागा थोडी जरी उताराची असली तरी सगळी गाडी निघाली, आणि हा मधे उभा. मग तो उडी मारून केबिनचं दार गाठायला धावतो, आणि तिथेच चाकाखाली किंवा भिंतीला चेपला जातो.

म्हणून: घोड्याचा हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, मगच खाली उतरायचं. आणि पाइपाला हात लावायच्या आधी ट्रेलरचं पार्किंग बटण लागलंय का ते बघायचं. दोन्ही. एक नव्हे.

सुकाणू

हवा_कमी, हे शंभर टक्के मान्य. किल्ली खिशात हा नियम तर मी क्लिनरलाही लावतो.

गाडीवान

हिथं सगळे लॉक-लॉक करत्यात, पर जोडायच्या आधी चार पावलं चालून ट्रेलर बघावा की राव. पाय सरळ हायेत का, चाकात हवा हाय का, चाकाखाली ठोकळा हाय का, मागचं दार नीट लागलंय का, पिनीला कोणी कुलूप घालून ठेवलंय का. कुलूप तसंच ठेवून घोडा आत घातला तर काय हुतं त्ये एकदा बघितलंय म्या. ड्रायव्हर दुसराच, पर तमाशा बघायला सगळं यार्ड.

आन् उंचीचं म्हणाल तर ट्रेलरचा पत्रा फिफ्थ व्हीलपेक्षा इवलासा खाली पायजे. घोडा आत जाताना त्येनं ट्रेलर जरासा उचलला पायजे. उचलला न्हाई म्हंजी उंच हाय, थांब. लई खाली आसला तर पत्रा ठोकला जाईल, तवा बी थांब.

अठराचाकी

गाडीवान दादांनी एका ओळीत सांगितलं ते पुस्तकात दोन पानं घेतं. उंच ट्रेलर आणि पुढे उतरलेली पिन, हे मी वर लिहिलं त्याचं मूळ उंचीतच आहे. घोड्याला एअर सस्पेन्शन असेल तर ते खाली करून आत जायचं, प्लेट पत्र्याखाली आली की वर घ्यायचं, दोन्ही टेकले की मग पिनपर्यंत मागे. नुसतं सरळ घुसवायचं नाही.

परदेशी_चाक

मी दोन खंडांत गाडी चालवली आहे, म्हणून एक भर घालतो. पाइप कधी जोडायचा यावर जगात एकमत नाही.

अमेरिकेत ड्रायव्हिंग परवान्याच्या अधिकृत पुस्तिकेत क्रम असा की घोडा ट्रेलरला जेमतेम टेकेपर्यंत मागे घ्या, घोड्याचा ब्रेक लावा, खाली उतरून हवेचे पाइप जोडा, ट्रेलरमध्ये हवा भरा, मग ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा पूर्ण आत घाला. म्हणजे पाइप आधी, लॉक नंतर. ब्रिटनमध्ये बरोब्बर उलटं: आधी लॉक, ओढून बघणं, मग पाइप. अर्ध्यात थांबून मधे शिरून पाइप जोडणं तिकडे धोक्याचं मानतात आणि शक्यतो टाळायलाच सांगतात.

रंगही वेगळे. लाल दोन्हीकडे हवा भरण्याचाच, पण दुसरा पाइप युरोपात पिवळा आणि अमेरिकेत निळा. अमेरिकन केबिनमध्ये लाल अष्टकोनी बटण ट्रेलरच्या हवेचं आणि पिवळं चौकोनी बटण घोड्याच्या पार्किंगचं, ही जोडी बोटांना सवयीची होते. देश बदलला की हात आपोआप जुन्या जागी जातो, तिथे जपायचं.

हवा_कमी

चांगली माहिती. पण यात विरोध आहे असं मला वाटत नाही. अमेरिकन पद्धतीतसुद्धा माणूस मधे शिरण्याआधी घोडा ब्रेकवर असतो. 'पाइप आधी की लॉक आधी' हा दुसरा प्रश्न. 'हँडब्रेक आधी' याला दोन्हीकडे पर्याय नाही.

शिवाय ब्रिटनवाल्यांचं म्हणणं त्यांच्या आखूड मापाच्या गाड्यांमधून येतं. केबिन आणि ट्रेलर यांच्यात लॉक झाल्यावर माणूस शिरेल एवढी जागाच काही गाड्यांना उरत नाही, मग लोक अर्ध्यात थांबून पाइप लावतात. अशा जोडीला लांब पाइप किंवा बाजूने जोडता येणारी सोय हाच उपाय. चपळाई हा उपाय नाही.

किरकिऱ्या

पाइप उलटसुलट लागले तर काय होतं? माझ्या मित्राने एकदा रंग न बघता जोडले आणि मग अर्धा तास 'ब्रेक सुटत नाहीत' म्हणून मेकॅनिकला फोन.

हवा_कमी

त्याचं नशीब बरं. पाइप उलटे लागले की टाकीत हवाच भरत नाही, त्यामुळे स्प्रिंग ब्रेक (हवा नसली की स्प्रिंगच्या जोरावर लागलेले राहतात ते) सुटत नाहीत आणि गाडी जागची हलत नाही. जुना, स्प्रिंग ब्रेक नसलेला ट्रेलर असता तर गाडी निघाली असती, फक्त ट्रेलरला ब्रेक नसते. म्हणून निघाल्यावर यार्डातच, अगदी हळू असताना, एकदा ट्रेलरचा ब्रेक लावून बघायचा.

तिरकस

@किरकिऱ्या, 'माझा मित्र' या प्राण्याला या फोरमवर खूप अपघात होतात असं निरीक्षण आहे.

किरकिऱ्या

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

ग्रीसगन

मी वर्कशॉपवाला. जबडा बघायचा म्हणता, पण बघायचं काय हे कोणी नीट लिहिलं नाही.

टॉर्च घ्या. ट्रेलरच्या बाजूने, घोड्याच्या मागच्या चाकांच्या मागून, फिफ्थ व्हीलच्या खाचेत खालून प्रकाश टाका. ट्रेलरखाली अंग घालायचं नाही, बाजूने वाकलं की दिसतं. पिनच्या मागे जबड्याची किंवा लॉक पट्टीची कड आडवी दिसली पाहिजे, खाचेतून आरपार उजेड दिसता कामा नये. मग फिफ्थ व्हील आणि ट्रेलरचा पत्रा यांच्यात फट आहे का बघा. फट दिसली की पाय वर घ्यायच्या आधी सगळं पुन्हा. मग दांडा: तो पूर्ण आत गेलेला हवा. नव्या गाडीवर शेजारच्या सारख्याच गाडीशी ताडून बघा, दांडा दोन बोटं जरी बाहेर असला तरी लॉक अर्धवट आहे. शेवटी दांड्याची सेफ्टी क्लिप लावा. ती नुसती लोंबत असेल तर कोणी ती लावलेली नाही, एवढंच तिचं सांगणं.

ग्रीसबद्दल: लोक प्लेटवर ग्रीसचा डोंगर घालतात. जुन्या ग्रीसमध्ये वाळू-माती बसली की तीच पिन आणि प्लेट घासायला लागते, वर भेगा झाकल्या जातात आणि फट आहे की ग्रीस आहे ते कळत नाही. आधी पुसा, मग पातळ थर. प्लेटवर प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर त्यांना ग्रीस लागत नाही, पण जबड्याला लागतं. अगदी कोरडी प्लेट असली तर स्टिअरिंग जड होतं, हे ड्रायव्हर 'पॉवर स्टिअरिंग गेलं' म्हणून घेऊन येतात.

आणि ब्रेक मारताना, रेस देताना पाठीमागे 'ठक्-ठक्' असा धक्का बसत असेल तर जबड्यात किंवा पिनमध्ये झीज आहे. पिन मोजायला गेज मिळतो. गाडी दाखवा, रेडिओचा आवाज वाढवू नका.

सुकाणू

'खाचेतून आरपार उजेड' ही खूण मला ठाऊक नव्हती. खरंच कामाची आहे. पण कॅबमध्ये लॉकचा दिवा दाखवणारी सेन्सरवाली गाडी असेल तर? आमच्याकडे नव्या गाड्या तशाच येतायत. हिरवा दिवा लागला की लॉक.

ग्रीसगन

सेन्सर चांगला आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याच्या वायरिंगमध्ये पाणी शिरलेलं मी बघितलंय, आणि सेन्सर मातीने माखलेलाही. दिवा लाल असेल तर गाडी हलवायची नाही. हिरवा असेल तर खाली उतरायचं. हे असं.

फोर्कलिफ्टवाला

माझी बाजू ऐका जरा. तुम्ही ट्रेलर डॉकला लावून घोडा घेऊन निघून जाता, आणि आत आम्ही फोर्कलिफ्टने माल काढतो. पाय कुठे टेकलेत, जमीन कशी आहे, कोणी बघत नाही.

मागून माल काढत आलं की शेवटी वजन फक्त नाकाशी उरतं. त्यात फोर्कलिफ्ट आत शिरून अगदी पुढे गेली की ट्रेलर पायांवरून नाकावर आपटू शकतो, आत माणसासकट. पाय पुढच्या टोकापासून बरेच मागे असतात, त्यामुळे त्यांच्या पुढे वजन आलं की तोल जातो. यासाठी नाकाखाली लावायचा वेगळा स्टँड असतो. तो न लावता आमच्या माणसाला आत पाठवू नका. स्टँड नसेल तर घोडा जोडलेलाच ठेवा.

दुसरं, उन्हाळ्यात दुपारी डांबर मऊ होतं. सकाळी सरळ उभा असलेला ट्रेलर संध्याकाळी एका पायावर रुतून तिरका. पायाखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट टाका.

मधुरा_के

बापरे. हे वाचून ट्रेलर बघितला की पाय बघायची सवय लागणार आता.

जुनं_खोड

फोर्कलिफ्टवाल्याने सोडण्याच्या विषयाला हात घातलाच आहे तर माझा क्रम लिहितो. यार्डकरांनी विचारला होता आणि सगळे विसरले.

घोडा-ट्रेलर एका रेषेत, सपाट, घट्ट जागेवर. घोड्याचा हँडब्रेक. ट्रेलरचा पार्किंग ब्रेक. मग पाय खाली. रिकामा ट्रेलर असेल तर पाय जमिनीला घट्ट टेकले की पुरे. भरलेला असेल तर टेकल्यावर खालच्या गिअरमध्ये अजून थोडे फेरे, म्हणजे घोड्यावरचं वजन जरा हलकं होतं. पण ट्रेलर फिफ्थ व्हीलवरून उचलला जाईल इतके नाही. नाहीतर पुढचा माणूस जोडायला येतो तेव्हा अठराचाकी म्हणतात ती उंचीची भानगड तयार.

मग पाइप आणि वायर काढायची. पाइपांची तोंडं त्यांच्या जागी अडकवायची, वायरचा प्लग तोंड खाली करून, म्हणजे पाणी शिरत नाही. आणि सगळ्यात शेवटी लॉकचा दांडा. हा शेवटीच. पाय खाली नसताना दांडा ओढणारी माणसं आहेत. ट्रेलर गुडघ्यावर आपटतो तेव्हा होणारा आवाज यार्डात सगळ्यांना ऐकू जातो आणि मग दिवसभर कोणीही त्या ड्रायव्हरशी नीट बोलत नाही.

निघताना हळू, आणि एक गोष्ट फार थोडे करतात: फिफ्थ व्हील पत्र्याखालून बाहेर आलं की थांबायचं, पण घोड्याची चॅसिस अजून ट्रेलरखाली असतानाच. पाय रुतले, वाकले, तर ट्रेलर जमिनीवर न आपटता चॅसिसवर बसेल. पाय धरतायत हे दिसलं की मग निघायचं.

गाडीवान

काकांचं शेवटचं लई भारी. एअर सस्पेन्शन आसलं तर निघायच्या आधी खाली सोडायचं ह्ये बी जोडा त्यात. न्हाईतर वरचं वजन गेलं की घोड्याची पाठ टुणकन वर येती आन् पत्र्याला घासत जाती. आन् मोकळं निघाल्यावर पुन्यांदा चालायच्या उंचीला आणायचं, इसरू नका.

निवांत

दांडा ओढताना पाठ गेलेल्यांनी इथे हात वर करा. 🙋

अठराचाकी

दांडा येत नसेल तर तो गंजलाय असं समजून जोर लावणारे फार. बहुतेक वेळा पिनवर ताण असतो. घोडा अगदी जरासा मागे दाबायचा, जबड्यावरचा ताण जातो, हँडब्रेक लावायचा आणि मग दांडा हाताने अलगद येतो. लांब आकडा वापरला तर ट्रेलरखाली हात घालावा लागत नाही, पाठही वाचते.

एक करू नका. क्लिनर दांडा धरून उभा आणि ड्रायव्हर वर बसून गाडी पुढे-मागे झुलवतोय, 'आता ओढ, आता ओढ'. तो क्लिनर कुठे उभा असतो बघा. चाक आणि ट्रेलरच्या मधे.

सुकाणू

हे तर आमच्याकडे सर्रास चालतं. खरं आहे, कोणीच असा विचार करत नाही.

तिरकस

पायांचं हँडल फिरवणाऱ्यांना जिमची गरज नाही हा एक फायदा कोणी लिहिला नाही. फक्त एकच हात सुजतो, दुसऱ्याला वाटतं आपण सुट्टीवर आहोत.

परदेशी_चाक

तिरकस, दोन गिअर असतात त्याला. वजन नसताना वेगवान गिअर, वजन आल्यावर हळू गिअर. वजन असताना वेगवान गिअरमध्ये हँडल सोडलं तर ते उलटं फिरून मनगट किंवा हनुवटी गाठू शकतं. आणि काम झालं की हँडल त्याच्या खोबणीत अडकवा. बाहेर लोंबलेलं हँडल बाजूच्या माणसाला लागतं.

यार्डकर

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येतो. सुकाणू, तुमचं मत बदललं का?

सुकाणू

थोडं. प्लेटच्या पुढे उतरलेली पिन ओढून कळत नाही, हे डोळ्यांसमोर आणलं की पटतं. पण ओढणं मी सोडणार नाही.

अठराचाकी

कोणी सोडायला सांगत नाहीये. ओढण्यात आणि बघण्यात वेगवेगळे दोष सापडतात. अर्धवट मिटलेला जबडा कधी बघताना ग्रीसखाली दडतो आणि ओढल्यावर सुटतो. उंचीचा दोष ओढताना दडतो आणि बघितल्यावर दिसतो. फक्त ओढताना एक लक्षात ठेवा: पाय अजून खाली असतानाच ओढायचं. पाय वर घेतल्यावर ओढलं आणि सुटलं तर ट्रेलर जमिनीवर.

हवा_कमी

आणि ओढून झाल्यावर खाली बघायला उतरताना पुन्हा हँडब्रेक. तीच ती गोष्ट मी पुन्हा-पुन्हा लिहितोय, कंटाळलात तरी चालेल.

ग्रीसगन

ईबीएसची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणेची, वेगळी केबल राहून जाते, तेही यादीत घ्या. दिवे लागतात, ब्रेकही लागतात, म्हणून लक्षात येत नाही, पण डॅशवर दिवा पेटलेला असतो आणि एबीएस-ईबीएस पूर्ण चालत नाही. गाडी हलवल्यावर दिवा विझला नाही तर थांबून मागे बघा.

यार्डकर

ठीक. पोरांना शिकवायला मी असं ठरवतोय: आधी ट्रेलरभोवती चक्कर आणि उंची; मग सरळ रेषेत मागे, लॉक; पाय खालीच असताना ओढणं; हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात; टॉर्चने जबडा, फट, दांडा, क्लिप; ट्रेलरचं पार्किंग बटण बघून पाइप आणि दोन्ही केबली; पाय पूर्ण वर, हँडल खोबणीत; दिवे, नंबर प्लेट; शेवटी ट्रेलरचं पार्किंग सोडून गेटच्या आत हळू ब्रेक लावून बघणं. सोडायचा क्रम जुनं खोड यांचा जसाच्या तसा, गाडीवान दादांचं सस्पेन्शन घालून. काही राहिलंय का?

फोर्कलिफ्टवाला

नाकाखालचा स्टँड आणि पायाखालची फळी.

यार्डकर

घेतलं.

गाडीवान

चाकाखालचा ठोकळा काढला का, त्ये राहिलं. ठोकळ्यावरनं गाडी चढवून 'ट्रेलर जड लागतोय' म्हणणारे बी हायेत.

निवांत

टॉर्च कोण देणार? आमच्या गाडीतल्या टॉर्चमध्ये सेल कधीच नसतात, आणि असले तर ते रेडिओत असतात.

यार्डकर

टॉर्च गेटवर ठेवतोय, सेलसकट. सही करून घ्यायची, सही करून परत द्यायची.

तिरकस

सेल मोजून परत घ्या.